शेवटच्या ओळीतला हेलकावा

६ फेब्रुवारी

भोंगे,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात नव्याने लिहायला नकोत. तुझं पत्र परवा आलं. गाणं त्याच्या आधीच तुझ्या बापाच्या फोनवर येऊन बसलं होतं. तो ते स्वयंपाकघरात ऐकवायला लागला. मी म्हटलं, नळ बंद कर, पंखा बंद कर आणि तूही जरा बंद हो. मग ऐकलं. तीनदा.

फोनवर बोलू म्हणतेस, ते नको. फोनवर बोललेलं वाऱ्यावर जातं, पुन्हा तपासता येत नाही. मी तिसरीपर्यंत शिकलेली बाई. एक पान लिहायला माझी सकाळ जाते, पण लिहिलेलं राहतं. तूही लिही.

जुनं खिडकीचं गाणं नव्याने म्हणायला कंपनीने तुला बोलावलं, हे कळल्यावर तुझी आई रडली. मी रडले नाही. मला आधी ऐकायचं होतं.

ते गाणं मी किती वेळा ऐकलंय ते विचारू नकोस. रेकॉर्डच्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत मी अकरा वर्षं बसले. दर विसावी रेकॉर्ड लावायची, कानावर डबडी चढवायची आणि कुठे टक् होतंय, कुठे खर्र होतंय ते चिठ्ठीवर लिहायचं. हे गाणं निघालं तेव्हा तीन महिने कानात दुसरं काही पडलं नाही. सोबतच्या बायकांना त्याचा वीट आला, गाणं सुरू झालं की त्या तोंड फिरवायच्या. मला वीट आला नाही, यातच काय ते समज.

मूळ बाई कशी गाते सांगू? सुईत दोरा ओवताना आपण श्वास धरतो ना, तशी. पहिल्या कडव्यात ती गेलेल्या माणसावर रागावते, दुसऱ्यात त्याची वाट बघते, पण आवाज दोन्हीकडे तेवढाच. चढवत नाही की पाडत नाही. आणि शेवटी 'मी इथेच आहे' म्हणताना ते 'आहे' लांब धरते, सरळ. गवंडी भिंतीला ओळंबा लावतो तसं.

मग वीसेक वर्षांनी तो जाड आवाजाचा बाप्या आला. त्याने तेच गाणं ढोल, बिगूल आणि पन्नास व्हायोलिनं लावून म्हटलं. नाकापेक्षा मोती जड. खिडकीशी उभ्या राहिलेल्या बाईचं गाणं, आणि हा असा गर्जतो की परत येणाराही निम्म्या वाटेतून पळून जावा. पण एक कबूल करते. दुसऱ्या कडव्यातला 'उंबरा' तो असा अडखळून म्हणतो की खरंच कुणाला तरी ठेच लागल्यासारखं वाटतं. मूळ बाई तो शब्द सहज ओलांडून जाते. वाईट गाणाऱ्याकडेही एखादा शब्द चांगला असतो, तो घ्यावा आणि गुपचूप निघावं.

त्या दोघी बहिणींनी गिटारवर म्हटलेलंही ऐकलं होतं मी. गोड म्हणतात. त्यांच्या गाण्यातली बाई कुणाची वाट बघत नाही, खिडकीत गार हवा खायला उभी आहे.

तुझं या सगळ्यांत वेगळं आहे. तू मूळ बाईची नक्कल केली नाहीस आणि तिच्यावर कुरघोडीही केली नाहीस. पहिल्या कडव्यातला राग तर तुझाच खरा वाटतो. तो तुझ्या आईकडचा असणार, आमच्याकडे एवढा राग नाही. दोनच गोष्टी सांगते. दुसऱ्या कडव्याआधी श्वास घेतेस तो ऐकू येतो, तो लपव. आणि शेवटचं 'आहे' हलवू नकोस. सरळ धर. का ते विचारू नकोस.

आजी

१४ फेब्रुवारी

आजी, नमस्कार.

तुझं पत्र चष्म्याच्या दुकानात उभ्या उभ्या वाचलं. एक गिऱ्हाईक काचा घासून होण्याची वाट बघत बसलं होतं आणि मी एकटीच हसत होते. राग आईकडचा आहे हे मी आईला कळवलेलं नाही.

श्वासाचं पटलं. पण शेवट सरळ धर म्हणतेस? तू? अगं, आपल्या रेकॉर्डवर ते सरळ कुठे आहे? मी चार-पाच वर्षांची असल्यापासून प्लेअरच्या शेजारी पालथी पडून ऐकलंय. 'आहे' खाली जातं, वर येतं, पुन्हा खाली, आणि संपता संपता जास्तच. झोपाळा हळू व्हायच्या ऐवजी वाढत जावा तसं. त्या जागेसाठी मी गायला लागले. बाकीचं गाणं मी त्या जागेपर्यंत पोचायला म्हणते.

इकडे याच्यावरूनच वाद झालाय. मी म्हणत असताना संगीत बसवणाऱ्या मास्तरांनी सगळ्यांना थांबवलं आणि विचारलं, "हा हेलकावा कुठून आणलास?"

मी म्हटलं, "मूळ गाण्यातून."

ते म्हणाले, "माझ्याकडे मूळ रेकॉर्ड आहे बाई. ती सरळ आहे."

मी म्हटलं, "तुमची नंतरची असेल. आमची पहिली आहे, माझ्या आजीला कारखान्याने बक्षीस दिलेली."

व्हायोलिनवाले हसले. मग मलाही चेव आला. रेकॉर्ड आणून दाखवते म्हटलं, सगळ्यांसमोर.

आता नीट ऐक. मूळ बाई दहा एप्रिलला येणार आहेत. त्यांनी मान डोलावली तरच मास्तर माझं गाणं ठेवणार. आपल्या गाण्याला कुणी हात लावला की त्या उठून जातात, असं म्हणतात. माझ्या जागी घ्यायला दुसरी मुलगी तयार आहे, ती रोज येऊन मागच्या बाकावर बसते. मला दुसरं गाणं कुणी देणार नाही, आजी. तेव्हा मी काही बदललेलं नाही, मुळात आहे तसंच म्हणते, हे दाखवावं लागेल. आपली रेकॉर्ड पाठव. पुठ्ठ्यात नीट बांध.

तुझी भोंगा

२० फेब्रुवारी

भोंगे,

रेकॉर्ड सापडत नाही. घराला रंग दिला तेव्हा सामान इकडचं तिकडे झालं. शोधते आहे. सापडेलच असं नाही.

मोठ्या माणसांशी पैजा कशाला लावतेस? मास्तर सरळ म्हण म्हणतात तर सरळ म्हण. सरळ म्हटल्याने कुणाचं नाक कापलं जात नाही. माझे गुडघे ठीक आहेत. इकडे विशेष काही नाही.

आजी

२७ फेब्रुवारी

आजी,

तुझं एवढं छोटं पत्र मला आजवर आलेलं नाही, आणि गुडघे ठीक आहेत असंही तू आजवर कधी लिहिलेलं नाहीस. म्हणून बाबांना फोन केला. ते म्हणाले, रेकॉर्ड मागच्या आठवड्यापर्यंत कपाटावर होती. आता तुझ्या गादीखाली आहे. चादर बदलताना त्यांच्या हाताला लागली.

मी गाणं बिघडवलंय असं तुला वाटत असेल तर तसं सांग. तू कधी कुणाची भीड ठेवली नाहीस, माझीही ठेवू नकोस. पण रेकॉर्ड लपवू नकोस.

भोंगा

३ मार्च

भोंगे,

तुझा बाप लहानपणापासून चुगलखोर आहे.

सांगते. तीन सकाळी जातील लिहायला, जाऊ देत.

रेकॉर्डच्या मधलं भोक नेमकं मध्यावर पडावं लागतं. केसभर सरकलं तरी रेकॉर्ड लंगडत फिरते आणि सूर खालीवर होतो. कडेला ते फारसं कळत नाही. सुई आत आत जाते तशी चक्करं लहान होतात आणि लंगडणं वाढतं. शेवटच्या लांब सुरावर तर ते लपतच नाही. अशी रेकॉर्ड कानात आली की चिठ्ठीवर लिहायचं, 'भोक सरकलेलं', मग मधल्या कागदावर लाल फुली मारायची आणि ती वितळवायला पाठवायची. मला लिहिता येतं ते या चिठ्ठ्यांमुळे. शाळेत मी पाटीवर फक्त थुंकले.

आपल्या घरातली रेकॉर्ड तसली आहे. मूळ बाई जराही हललेली नाही. हललं ते भोक.

कारखान्याने मला कधीच काही बक्षीस दिलं नाही. दारावर पहारेकरी प्रत्येकीची पिशवी तपासायचा. पण तुझा बाप तेव्हा पोटात होता, सातवा महिना. त्याच्यावर रेकॉर्ड ठेवली, वरून पदर घेतला आणि निघाले. पहारेकऱ्याने उलट दार उघडून धरलं. घरी सासऱ्यांनी कुठूनसा प्लेअर आणून ठेवला होता आणि त्याच्यावर लावायला काही नव्हतं. एवढंच कारण. विचारलं तेव्हा म्हटलं, चांगलं काम केलं म्हणून दिली. सासूबाईंनी शेजारणींना बोलावून दाखवली. मग माघार घ्यायला जागा राहिली नाही.

तू सात वर्षांची असताना पाहुण्यांपुढे हे गाणं म्हटलंस आणि शेवटचं 'आहे' हलवलंस. सगळे वा वा म्हणाले. मी गप्प बसले, कारण मला कळलं होतं. पोरगी भोक गाते आहे. तेव्हाच तुला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, आजी, तुला कसं माहीत? अकरा वर्षं लोकांच्या चुका लिहिल्या मी, आणि घरातली एक लिहायला हात उचलला नाही. तू तिच्यावर एवढा मोठा डोलारा उभारशील असं कुणाला वाटलं होतं?

काल जेवताना तुझ्या आईबापाला सांगून टाकलं. तुझा बाप भाजी वाढून घेत म्हणाला, "आई, तिच्यावर लाल फुली आहे. बक्षिसावर फुली कोण मारतं?" म्हणे, त्याच्या बापालाही माहीत होतं. एवढी वर्षं मी एकटीच लपवत होते, आणि ज्यांच्यापासून लपवत होते ते मला सांभाळून घेत होते. दीडशहाणी मीच ठरले.

रेकॉर्ड पाठवत नाही. ती तुझ्या बाजूने साक्ष देणार नाही. मास्तर खरं बोलतात.

तुला रागवायचं असेल तर रागाव. आईकडचा राग आहेच.

आजी

२२ मार्च

आजी,

तुझं पत्र आल्यावर पंधरा दिवस मी गायले नाही. दुकानात काचा घासल्या. एकाला दुसऱ्याच्याच नंबरच्या घासून दिल्या.

मग एक दिवस मास्तर यायच्या आधी जाऊन त्यांची रेकॉर्ड लावली. पहिल्यांदा नीट ऐकली, आजी. शेवट आला आणि मी खुर्चीची कड धरून बसले, आता हलेल, आता हलेल म्हणून. नाही हलला. एवढं सरळ कुणाला उभं राहता येतं हेच मला माहीत नव्हतं. तू लिहिलेला ओळंबा कळला. जे मी आयुष्यभर त्या बाईंचं म्हणून पूजलं ते त्यांचं नव्हतं, आणि जे त्यांचं होतं ते माझ्या कानावर कधी पडलंच नव्हतं.

मास्तरांना अजून काही बोलले नाही. दोन्ही तऱ्हांनी म्हणून बाबांच्या फोनवर पाठवते. एकात शेवट सरळ आहे, एकात नेहमीसारखा. मला आता काहीच ऐकू येत नाही, नुसतं भोक दिसतं. तू तपासून सांग. एकोणीस दिवस उरलेत.

भोंगा

२७ मार्च

भोंगे,

तपासलं. तुझ्या बापाला शेजाऱ्यांकडचा मोठा स्पीकर आणायला लावला. फोनच्या भोकातून ऐकून निकाल देता येत नाही.

सरळ म्हटलेलं आधी घेते. त्यात दोष काढता येत नाही. कारखान्यात आलं असतं तर पास केलं असतं आणि पुढची रेकॉर्ड लावली असती. पण मी ऐकताना सारखी मूळ बाईला आठवत होते. तू तिच्या पायावर पाय ठेवून चालते आहेस, नीट चालते आहेस, आणि पाय तिचेच दिसतात.

आता हलणारं. मूळ बाईच्या गाण्यातली बाई खिडकीशी उभी आहे आणि ती कधीही बसणार नाही, अशी खात्री पटते. मोठं गाणं आहे ते, त्याला तोड नाही. तुझ्या गाण्यातली बाईही उभी आहे, पण तिचे पाय भरून आलेत. ती कलते, सावरते, पुन्हा कलते, आणि तरी 'आहे' म्हणते. हे भोकाला कुठून जमणार? भोक मापात हलतं, सारखं. मी आपली रेकॉर्ड पुन्हा लावून पाहिली. तू तशी हलत नाहीस. तू दुसऱ्या हेलकाव्यानंतर जरा थांबतेस, तिथे जीव घाबरा होतो. ते रेकॉर्डवर नाही. ते तू कधी घातलंस, तुझं तुलाही ठाऊक नसेल.

उभं राहून पाय दुखलेली बाई मला जास्त ओळखीची. मी अकरा वर्षं बसून काम केलं, पण बस मिळायला रोज तासभर उभी असायचे.

तेव्हा हलणारं ठेव. मात्र मूळ बाईला आधी सगळं सांगायचं. मुळात असंच आहे असं पुन्हा तोंडातून काढायचं नाही. हे कुठून आलं ते पहिल्यापासून सांग, पोटावरच्या रेकॉर्डसकट. चोर म्हणतील तर मला म्हणतील. गाणं गेलं तर जाईल. तुझ्या हातात काचा आहेत, उपाशी मरणार नाहीस.

आजी

१२ एप्रिल

आजी,

झालं. क्रमाने सांगते, नाहीतर तू पत्र परत पाठवशील.

बाई आल्या. एवढ्याशा आहेत, माझ्या खांद्याला लागतात. खुर्चीत बसल्यावर पाय जमिनीला टेकेनात, तेव्हा मास्तरांनी खाली खोकं ठेवलं. मांडीवरची पिशवी त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. मागच्या बाकावरची मुलगीही होती.

मी आधी सांगायला गेले, तर म्हणाल्या, "आधी ऐकू दे. सांगण्याने गाणं सुधारत नसतं."

ऐकलं. शेवटच्या हेलकाव्याला त्यांनी डोळे उघडले. म्हणाल्या, "पुन्हा लावा." पुन्हा लावलं. मग म्हणाल्या, "शेवट माझा नाही. कुणाचा आहे?"

मग मी सगळं सांगितलं. भोक, फुली, सातवा महिना, पहारेकरी, बक्षीस. दार उघडून धरलं म्हटल्यावर व्हायोलिनवाले हसू दाबत होते. बाई हसल्या नाहीत. मास्तरांकडे बघून म्हटलं, "तुमचीच रेकॉर्ड खरी होती, मास्तर. मी उगाच भांडले."

बाई बराच वेळ पिशवीच्या बंदाशी खेळत होत्या. मग म्हणाल्या, "त्या दिवशी तो सूर माझ्याकडून सोळा वेळा हलला. माझा मुलगा तापाने फणफणला होता आणि मला घरी जायचं होतं. रेकॉर्डिंगवाले दरवेळी म्हणायचे, हलला, बाद, पुन्हा घ्या. सतराव्या वेळी मी मनात त्याला मारून टाकलं, कुणी नाही माझं असं ठरवलं, तेव्हा सूर उभा राहिला. लोक अजून त्याचं कौतुक करतात."

मास्तरांनी विचारलं, "मग हे ठेवायचं का?"

त्या म्हणाल्या, "जे माझं नाहीच त्याला मी नको कशी म्हणू? हिचं आहे, हिला विचारा. वरचं सगळं चोख म्हटलंय. फक्त श्वास लपवायच्या नादात दुसरं कडवं उशिरा सुरू करते, तेवढं बघा."

हे शेवटचं तुझ्यामुळे ऐकून घ्यावं लागलं.

जाताना दारात थांबून त्यांनी विचारलं, "तुझ्या आजीचा तो मुलगा बरा आहे ना आता?" मी म्हटलं, आहे, चुगल्या करतो. तेव्हा पहिल्यांदा हसल्या. त्यांच्या मुलाचं पुढे काय झालं ते विचारायची माझी छाती झाली नाही.

गाणं राहिलं, आजी. माझंच राहिलं.

तुझी भोंगा

१९ सप्टेंबर

भोंगे,

तुझं गाणं बाजारात येऊन दोन महिने झाले. तुझा बाप ते दिवसातून चारदा लावतो. शेजारी स्पीकर परत मागत नाहीत, त्यांनाही ऐकायचं असतं. दुसरं कडवं वेळेवर सुरू होतं. श्वास ऐकू येत नाही. मास्तरांनी शेवटी सगळी वाद्यं बंद करून तुला एकटीला सोडलं, हे त्यांनी शहाणपणाचं केलं. मी अजून दोष शोधते आहे. सापडला की कळवीन.

मूळ बाईचं जे लिहिलं होतंस ते वाचून मी जुनं गाणं पुन्हा ऐकलं, नीट रेकॉर्डवरचं. माझ्याच खोलीतून हजारदा पास होऊन गेलेलं. आता ते मला सरळ ऐकू येत नाही. मुलाला विसरून उभी राहिलेली बाई ऐकू येते. मी तेव्हा चिठ्ठीवर लिहायचे, 'ठीक'.

आज एक झालं ते सांगायला लिहायला बसले. मी कोपऱ्यावरच्या शिवणवालीकडे गेले होते, पदराची शिवण उसवली होती म्हणून. तरुण बाई आहे, हात चांगला आहे, तोंड सारखं चालू. ती मशीनवर तेच गाणं गुणगुणत होती. 'मी इथेच आहे' वर आली तेव्हा तिने पायडल थांबवलं, हात चाकावर ठेवला आणि 'आहे' हलवलं. खाली, वर, जरा थांबली, पुन्हा खाली. मग पायडल मारलं.

मी विचारलं, "कुणाचं गाणं गं हे?"

तर म्हणाली, "जुनंच आहे, आजी. तुमच्या काळातलं. शेवटी आवाज कसा हलतो बघा. हल्लीच्या पोरींना जमणार आहे का असं? मूळ गाण्यातच ते आहे."

मी पिशवी आवळून बसले. तोंडापर्यंत आलं होतं सगळं.

म्हटलं, "असेल बाई. तुला माहीत. पुन्हा म्हण बघू."

आजी